बद्द

"तुम्ही या कामात कसे आलात?"
धारणकरबाई विचारतात, थर्मासमधला चहा ओतत,
रिकाम्या फ्लॅटमध्ये. पाथर्डी फाटा, तिसरा मजला,
अजून पंखे लागायचेत.
मी म्हणतो, सिव्हिलचा डिप्लोमा,
मग बारा वर्षं साइटवर.
एवढं त्यांना पुरतं.
साखर बरोबर आहे ना, विचारतात.

मी उकिडवा बसतो, खिशातून जुना रुपया काढतो,
वडिलांच्या गल्ल्यातला, जडसर.
एकेका टाइलच्या चारही कोपऱ्यांवर टकटक.
भरीव. भरीव. भरीव.
दाराशी मात्र
बद्द.
खडूने फुली.

हा कान माझा नाही.
तांबट आळीत दिवसभर ठोके पडायचे,
इतके, की थांबले तरच आम्ही पोरं दचकायचो.
वडील घंगाळ उचलून धरायचे, काठावर नखाने टिचकी,
डोळे मिटलेले.
गिऱ्हाईक तोवर चकाकी बघत असायचं.
एकदा लग्नाच्या ऑर्डरीतलं एक बद्द निघालं.
डाख देऊन खपलं असतं. त्यांनी मोडीत घातलं.
त्या महिन्यात आई वाण्याच्या दुकानासमोरून
जायची नाही, मागच्या बोळाने जायची.

पुढे प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या.
म्हणाले, तू सिमेंटात जा,
लोक पितळ सोडतील, भिंती सोडणार नाहीत.

साइटवर मी रजिस्टर लिहायचो.
स्लॅबला पाणी : सात दिवस.
टँकर यायचा तीन दिवस.
"वडके, दसऱ्याला चाव्या द्यायच्यात," वरून फोन.
मी सही करायचो. माझं अक्षर चांगलं आहे,
सगळे म्हणतात.

मग एका रात्री एक सज्जा खाली आला.
खाली कोणी नव्हतं.
एक सायकल होती, लहान,
मागे आधाराची दोन चाकं लावलेली.
सकाळी मलबा उपसताना ती वर आली, चपटी होऊन.
मी तिची घंटी दाबून बघितली. का, माहीत नाही.
वाजली.
स्वच्छ वाजली.

लोकांना वाटतं मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.
नाही. आणखी सात महिने तिथेच होतो.
हप्ते होते.
सह्या मात्र बारीक होत गेल्या,
शेवटी नुसती एक रेघ.

आता बाथरूमची मागची भिंत.
गोदेला पूर आला की अख्खं नाशिक विचारतं,
पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर?
मीटर टेकवण्याआधी मीही भिंतीला तेच विचारतो.
घोटा? गुडघा? कंबर?
वर ताजा रंग आहे, दोन हात, महागाचा.
इथे गुडघ्याच्या वर.
लिहून घेतो. अक्षर अजून चांगलं आहे.

"मग घ्यावं का हो?"
ते मी सांगत नाही, बाई.
मी फक्त वाजवून दाखवतो.

त्या हात पुढे करतात. रुपया मागतात.
ओढणी खोचून खाली बसतात,
खिडकीपासून सुरुवात, एकेक टाइल,
माझ्यापेक्षा जोरात.
सरकत सरकत दाराशी येतात, खडूच्या फुलीवर.
"इथे?"
मी काहीच बोलत नाही.
त्या डोळे मिटतात, आपोआप,
आणि पुन्हा एकदा वाजवतात.