अठरावं मिनिट

इंदोऱ्यातल्या गल्लीत
नळ यायच्या आधी मी उठतो.
सतरंजी तीच, कोपऱ्याला जळलेली.
बसतो.
श्वास येतो. श्वास जातो.
मधेच सीताबर्डीच्या गिऱ्हाइकाची उधारी येते,
ती काही जात नाही.

अकरा वर्षं झाली, भाऊ.
उजेड दिसला नाही. गुडघा दिसला,
डावा, रोज अठराव्या मिनिटाला.
सुकेशनी आतून विचारते,
"काही होऊन राह्यलं का?"
मी म्हणतो, "पाय बधिर होऊन राह्यला."
ती हसते. गॅस पेटवते.

दिवसभर मी लोकांचे कूलर दुरुस्त करतो.
वाळ्याची जुनी ताटी काढली
की गवताचा खारानं दगड झालेला.
पाणी रोज तिथून थेंब थेंब गेलं,
जाताना थोडं काही ठेवत गेलं.
कोणत्या दिवशी घट्ट झालं, विचारू नका.

काल धरमपेठेत, नवतप्याचा तिसरा दिवस, तिसरा मजला.
मोटार जळलेली. खापर माझ्यावर.
हाताखालच्या पोरासमोर
तो मला चोर म्हणाला.
माझ्या मुठीत पाना होता.
पूर्वी आधी पानाच बोलला असता.

श्वास आला.
मी तो येताना पाहिला.
इतकंच. एका थेंबाएवढं.

मग पाना पेटीत ठेवला, म्हणालो,
"वायर जुनी आहे साहेब, या, दाखवतो."

जिना उतरताना हात थरथरत होते.
घरी काही बोललो नाही.

आज पहाटे बसलो
तर अख्खा वेळ तोच माणूस समोर.
गुडघ्याची आठवणसुद्धा झाली नाही.