इमान

आमच्याकडं विमानाला इमानच म्हणतात.
त्यामुळं डोमाजी लोहकरे बंगळूरहून परतले
तेव्हा गावभर बातमी अशी फिरली
की लोहकऱ्याच्या पोरानं अकरा वर्षं इमान जोडलं,
आणि ज्यांचा त्यांच्याशी धुऱ्याचा वाद होता
तेही म्हणाले, हाव, जोडलं असंल.

हिंगणघाटच्या जिनात ते फिटर होते.
एक्केचाळीस साली फाटकावर कागद लागला :
पत्र्याचं काम येणारे पाहिजेत, दक्षिणेत.
डोमाजींना वाटलं, छपरं घालायची असतील.
पोचले तर माळावर नवीकोरी शेड,
आत दोन घोड्यांवर आडवा टाकलेला
एक पंख. नुसता पंख.
"सोललेल्या कोंबड्यासारका," ते सांगायचे,
"आन् आमी सारे भवताल, हात पुसत."

देशाचा पहिलाच कारखाना. देश अजून व्हायचा होता.
लढाईतून फाटून आलेली परक्यांची इमानं
आधी शिवायची, मग आपलं बनवायचं, असा हिशेब.
डोमाजींनी भोकं मोजली नाहीत.
एका सीटखाली चिकटवलेलं कुणाचं तरी च्युइंगम
त्यांनी तसंच राहू दिलं.

रिपिटा बर्फात ठेवायच्या.
हे ऐकून पोट्टे हसायचे, मीही हसलो.
पंक्चरच्या पाटीत बोटं बुडवून ते समजावत :
तापवून विझवली की ती मऊ असते, लेकरासारखी.
गारव्यात राहील तोवर मऊ.
बाहेर काढली की घटकाभरात मारायची,
मग ती कडक होते आन् कोनाचं आयकत नाई.

एक माणूस बाहेरून मारणार,
दुसरा आत, अंधारात, लोखंड दाबून धरणार.
आत मुनियप्पा. त्याला मराठी येत नव्हती,
ह्यांना कानडी शेवटपर्यंत आली नाही.
पत्र्यावर एक टकटक म्हणजे बसली.
दोन म्हणजे, अजून एक दे.
अकरा वर्षं एवढंच बोलले दोघं,
आणि जेवताना लोणचं पुढं सरकवायचे.

एक्कावन्नात आपलं स्वतःचं उडालं,
आपल्याच कागदावर काढलेलं, दोन सीटांचं.
सगळा कारखाना धावपट्टीकडं पळाला.
"कसं दिसलं?" मी विचारायचो, दर वेळी.
"मले का माहीत. मी खाली पाहून
शेपटीच्या अठ्ठावीस रिपिटा आठोत होतो."

नंतर वडकीच्या फाट्यावर दुकान.
फवारणीचे पंप, स्टोव्ह, सायकली.
त्यांनी सांधलेला पंप गळत नसे,
पण वेळ इतका लावत
की लोक दुसरीकडं जायचे, आणि परत यायचे.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना कपाशीवर बोंडअळी पडली,
आणि माळावर पिवळं इमान उतरलं, फवारणीचं.
आठ गावं जमली. कुणीतरी नारळ आणला.
पायलट चहा पीत होता.
डोमाजी दुकानातल्याच कपड्यांत आले,
तेलकट हात धोतराला पुसून
पंखाखाली वाकले. खालून बोट फिरवत गेले,
रांगेवरून, आंधळ्यानं पोथी वाचावी तसे.
कारखान्याचं नाव शेपटीजवळ होतं.
तिकडं त्यांनी पाहिलंही नाही.

मग कान पत्र्याला लावला
आणि बोटाच्या पेरानं मारलं,
एकदा.

पायलट म्हणाला, ओ बाबा, हात नका लावू.
ते तसेच राहिले. पत्रा उन्हानं तापलेला,
कान भाजत असणार.

थोड्या वेळानं इमान वर गेलं,
पांढरं धुकं कपाशीवर पडलं, आमच्यावरही पडलं,
आम्ही त्यात नाचलो. कुणी अडवलं नाही.
डोमाजी दुकानाकडं निघालेले.
मी मागं धावत विचारलं, काय आलं आयकू?

"दोन," ते म्हणाले,
आणि कुलूप काढायला वाकले.