पोटातला पॅच

क्लाक्सविकच्या धक्क्यावर पहाटे पाचला
रान्वा हातमोजे दातांनी ओढून काढते,
माशांच्या खोक्यांची यादी उघडू जाते
तर पडदा काळवंडतो:
'याला या संगणकात बदल करू द्यायचे का?'

बदल कसले? तो बिचारा मोजतो.
कॉड चाळीस, हॅडक बारा,
कुठलं खोकं कुठल्या बोटीवर.
तिच्या भावाने, होग्नीने, लिहिलेला प्रोग्रॅम.
त्याने नाव ठेवलं 'डिस्पॅच',
आणि यंत्र रोज त्याला नावं ठेवतं.

परवानगीचा पासवर्ड साहेबाकडे, तोर्सहावनला.
साहेब झोपेत. बर्फ वितळतंय.

तिसऱ्या आठवड्यात होग्नी फोनवर हसत सुटला:
अगं, शब्दाच्या पोटात 'पॅच' आहे!
तेवढी अक्षरं दिसली की पहारेकरी
आतलं काही न वाचताच दार अडवतो.

तिने नाव बदललं. कोकरू.
आतली एक ओळही हलली नाही.
पडदा उजळच राहिला,
कॉड चाळीस, हॅडक बारा.

बोट सुटली.
रान्वा मात्र हातमोजे न घालता
बसून राहिली,
त्याच फोल्डरमधली बाकीची
गरीब नावं
एकेक करून वाचत.