तयारी, एक ते पाच

कूलरच्या ताट्यांतून वाळ्याचा ओला वास.
मानकापूरची दुपार, चव्वेचाळीसच्या वर,
आणि मृणाली मोबाईलवर फॉर्म उघडून
परीक्षकाच्या आवाजात विचारते:
नागरी नोकरी शोधायला आपण कितपत तयार आहात?
एक म्हणजे मुळीच नाही. पाच म्हणजे पूर्ण.

मी म्हणतो, आधी खूर दाखव.

ती हसते. मी हसत नाही.
सतरा वर्षं पहाटे चारला हाच प्रश्न
मी एकेका खेचराला विचारला आहे, दातांत टॉर्च धरून.
खूर गार की गरम.
कान पुढे की मागे.
तंगाखाली दोन बोटं जातात की नाही.
पाठीवरून हात फिरवताना कातडी कुठे थरथरते;
थरथरली, तर त्या दिवशी ओझं नाही.
आकडा कुणीच दिला नाही मला,
मीही मागितला नाही.

पुढचा रकाना: कौशल्ये.
सांगतो, रॉकेल, डाळ, दारूगोळा, टपाल,
एकदा कॅप्टनसाहेबांच्या हट्टापायी हार्मोनियम,
दोन्ही बाजूंना सारखं वजन, किलोभर इकडे-तिकडे झालं
तर वळणावर जनावर दरीकडे झुकतं.
मृणाली लिहिते: सप्लाय चेन.
सांगतो, नाल्यावरच्या दोन फळ्यांवरून पुढे चालायचं,
दोर सैल सोडून, मागे न बघता.
वळून बघितलंस की त्याला कळतं, हाही भ्यालाय.
मृणाली लिहिते: नेतृत्व.
खोडते. लिहिते: टीमवर्क.
टीममध्ये जनावर धरतात का, मी विचारतो.
बाबा, ती म्हणते, एवढं नाही विचारत कोणी.

संध्याकाळी कामठीहून बोरकुटे येतो,
मॉलच्या गेटवर उभा राहतो तो, निळ्या टोपीत,
डिक्क्या उघडून बघतो, बंद करतो.
काऊन एवढा अभ्यास करून राहिला बे, म्हणतो,
गार्डात लाग ना सरळ, बंदूक धरता येते तुले.
त्याला कसं सांगू,
बंदुकीपेक्षा दोरच जास्त धरला मी.
तळहाताचा घट्टा अजून तिरपा आहे.

अपेक्षित पगार. इथे मी अडतो.
पगार यायचा, जसा हिवाळा यायचा.
मागायचा कसा, किती शून्यांनी,
आणि मागताना कुठे बघायचं?

मग: स्वतःविषयी थोडक्यात सांगा.
नंबर, हुद्दा, नाव.
शत्रूच्या हाती लागलास तर एवढंच बोल,
पुढे जीभ चावून धर, असं शिकवलं होतं.
मृणाली म्हणते, खुलून बोला, हातवारे करा,
आपली ताकद कोणती, आपली उणीव कोणती.
ती समोरच्या खुर्चीवर साहेब होऊन बसते,
मी उभाच राहतो.
बसा ना, बाबा.
बसा म्हटल्याशिवाय बसायचं नसतं.
आत्ता म्हटलं ना!

उणीव.
रात्री गच्चीवर त्याचाच विचार करत पडलो.
कोराडीच्या चिमण्यांचे लाल दिवे लागत, विझत.
शेवटच्या दिवशी दोर दुसऱ्या पोराच्या हाती दिला,
रजिस्टरात सही केली,
आणि त्या दिवशी मात्र वळून बघितलं.
ती चारा खात होती. तिने मान वर केली नाही.
तिच्या खुरावरचा नंबर मला पाठ आहे,
स्वतःचा पॅन नंबर नाही.
हे कुठल्या रकान्यात बसेल?

मंगळवारी खापरीजवळच्या गोदामात मुलाखत.
पहाटे चारला उठलो, म्हणजे उठायचं ठरवलं नव्हतं.
बूट चकचकीत. दाढी दोनदा.
ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रो सुटायला
अजून दोन तास होते, आणि मी दारात उभा,
सोबत कोणी नाही, हात रिकामे,
हातांचं काय करायचं ते न सुचून.

मृणाली झोपेतून उठून आली, केस विस्कटलेले.
काही बोलली नाही.
माझ्या नव्या पट्ट्याखाली दोन बोटं घातली,
हलवून बघितली.
सैल आहे, म्हणाली,
एक भोक आत घ्या.