पायगुण

वाळकेश्वरच्या बाजूला होतो तेव्हा
मृत्यूच्या रजिस्टरावर बसून पेंग यायची.
एक्क्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकदा तर शंभराला दोन कमी.
कारणाच्या रकान्यात बहुतेक हृदयच,
पण पिकून देठातून सुटल्यासारखं.

मग बदली झाली गोवंडीला.
रकाना तोच, अक्षर माझंच,
वय मात्र उतरणीला लागलं.
पहिल्या आठवड्यात वाटलं, आकडे चुकताहेत.
आधार कार्डं पुन्हा आणायला लावली.
लोक निमूट गेले, निमूट परत आले.
कार्डं बरोबर होती.

आज खिडकीशी अनसूया खरात.
नवरा भिकाजी, डंपिंगच्या कडेला भंगाराच्या काट्यावर.
वय बेचाळीस.
रात्री छातीत जळजळतंय म्हणाला.
सोडा पाजला, पाठ चोळली.
पहाटे पाण्याची पाळी,
सहा हंडे भरले आणि मगच आडवा झाला.
रिक्षा नाक्याच्या आत येत नाही.
नाक्यापर्यंत चौघांनी उचलून नेला,
तेव्हा जिवंत होता.

मी लिहीत होतो.
जाळीला तोंड लावून ती हळूच म्हणाली,
"साहेब, वय थोडं वाढवून लिवाल का?
पन्नास, पंचावन्न, काय बी.
सासू म्हणते, बेचाळिसात गेला
तो तुझ्याच पायगुणानं."

नियमात बसत नाही, मी म्हणालो.
आणि का कोण जाणे,
रजिस्टर तिच्याकडे फिरवलं.
वाचता येतं?
आकडं येत्यात, म्हणाली.

बोट उतरत गेलं पानावरून.
एकोणचाळीस. सत्तेचाळीस. छत्तीस.
"ह्यो इलियास, जरीवाला. आमच्याच गल्लीतला.
ह्याला बी गॅसच झाला व्हता."
चव्वेचाळीस. पुन्हा चव्वेचाळीस.
पान उलटलं तिनं. मी उलटू दिलं.
मागे रांग खाकरली, कुणीतरी शिवी हासडली.

"येवढ्या समद्या बायकांचा?"
मला नव्हतं विचारलं तिनं.

तीन प्रती काढल्या, शिक्का उमटवला.
शाई वाळेपर्यंत ती कागदावर फुंकत राहिली,
लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकतात तशी.
मग म्हणाली,
"ह्या पानाची झेरॉक्स मिळंल का?
सासूला दावीन."

नाही मिळत.
तेही नियमात बसत नाही.
दीड ते दोन जेवणाची सुट्टी असते,
तेव्हा मशीनपाशी कुणी नसतं,
एवढंच फक्त
मी जरा मोठ्यानं बोललो.