पानातलं भोक

पंचावन्न दिवसांचा उपास सुटला
की आमच्याकडे कातड्यांची सुगी.
घराघरांतून येतात, ओली, अजून कोमट.
मी ती ओढ्यात भिजवतो, चौकटीवर ताणतो,
दोऱ्या अशा आवळतो
की टिचकी मारली तर ढोल बोलावा.
मग तासत राहतो. चरबी, पडदा, केस.
अदवाच्या वरच्या अंगाला वारा असा
की सकाळचं ओलं दुपारी कडक.

या पोथीला सत्तर बकऱ्या लागल्या.
मला वाचता येत नाही. मोजता येतं.

लिहितात अब्बा वोल्दू.
काजळीची शाई, पवित्र नावांना तांबडी.
परवा त्यांनी डोंगरावरची गोष्ट वाचून दाखवली:
म्हातारा बाप, लाकडाची मोळी मुलाच्याच पाठीवर,
आणि सुरी उचलल्यावर
झुडपात शिंगं अडकलेला एडका.
"देवानं पोरगा परत दिला," अब्बा म्हणाले.
मी एडक्यापाशीच थांबलो होतो.
काट्यांतून सोडवताना म्हाताऱ्यानं
शिंगं हळू धरली असतील का?
धरायची एक रीत असते. मला ठाऊक आहे.

आमचा हाफ्तोम उत्तरेला निघाला तेव्हा
कुठल्याच झुडपात काही अडकलेलं नव्हतं.
बघितलं मी. वाटेच्या दोन्ही अंगांनी बघितलं.

पुढे कचेरीतून कागद आला. त्यावर एक शब्द, बलिदान.
लेतेब्रहाननं तो चिमटीत धरून चाचपला, म्हणाली,
"किती पातळ आहे."

वधस्तंभाच्या शुक्रवारी
आम्ही दिवसभर कपाळ जमिनीला टेकतो, उठतो, टेकतो.
शेवटी पाप सांगायचं; अब्बा ऑलिव्हची डहाळी
पाठीवर हलकेच मारतात
आणि सांगतात, अजून किती दंडवत.
यंदा ती म्हणाली, "माझं नाही, त्याचं सांगते,"
आणि छताकडे बोट केलं.
"त्याला किती?"
डहाळी तशीच हवेत राहिली.
मग अब्बा, गुडघे दुखणारे अब्बा,
तिच्या शेजारी स्वतःच वाकले.
कितीदा, ते कुणी मोजलं नाही. मीसुद्धा.

सुगीतल्या एका कातड्याला कुशीशी भोक निघालं.
बाभळीच्या काट्याची जुनी जखम,
बकरी जिवंत असताना भरून आलेली,
मी ताणल्यावर पुन्हा उघडलेली.
वाटलं, हे पान ते भाल्याच्या ओळीला राखून ठेवतील,
ती कूस, ते रक्त आणि पाणी.
तसलं काही झालं नाही.
पान लागलं वंशावळीत,
अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा.
अब्बा भोकापर्यंत आले, बोरू उचलला,
पलीकडच्या काठावर टेकवला.
नावं अलीकडे, नावं पलीकडे.

संध्याकाळी लेतेब्रहान भाकर घेऊन आली.
पान बघत उभी राहिली बराच वेळ,
मग त्या भोकात तिनं बोट घातलं.
मी मागच्या बाजूला होतो.
मला तिचं नख दिसलं, टेफचं पीठ लागलेलं.
अब्बा काही बोलले नाहीत.
शाई अजून ओली होती.