परवडणारा आकडा

सोमवारी वडगादीतल्या पेढीत
सगळ्या पडद्यांवर एकच चिठ्ठी:
बेचाळीस लाख. पाच दिवस.

धरमशीभाई म्हणाले, पन्नास का नाही? दहा का नाही?
मी गप्प. हिशेब माझ्याच हातचा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
त्यानं आमचं अंथरूण टेप लावून मोजलं होतं:
विम्याची मर्यादा चाळीस,
चालू खात्यात सहा,
आणि दिवाळीच्या तोंडावर रंगाची पिंपं गोदामात अडली
तर रोजचे साडेनऊ पाण्यात.
थांबण्यापेक्षा देणं स्वस्त,
एवढंच बघून लिहिलेला आकडा.

मग घासाघीस, मंगळदास मार्केटात चालते तशी.
अडतिसावर तुटलं.
गुरुवारी कुलपं उघडली,
सोबत दोन ओळींचे आभार, एकही चूक नसलेले.

त्याच केबिनीत तीन वर्षं
पगारवाढीसाठी मी उभी राहिलेय.
'ताई, पेढीला परवडत नाही,' भाई म्हणायचे,
आणि ताळेबंद स्वतः जुळवून आलेली मी
मान डोलवायचे.

काल भात कालवताना मनात आलं,
फायली चाळताना
पगारपत्रकही उघडलं असेल त्यानं.
नलावडे, एस. आर.
या ओळीशी
थबकला असेल का जरा?